दहा मापांची बेरीज जुळली, पण एकेक माप?

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की घरी काडतुसं भरताना लांब कांड्यांची पावडर (बारीक काड्यांसारख्या दाण्यांची बंदुकीची दारू) मेझरमधून, म्हणजे हँडल फिरवलं की ठरलेलं माप पाडणाऱ्या यंत्रातून, एकसारखी पडत नाही. त्यावर तुमचं म्हणणं असं : "मी दहा मापं एकत्र पाडून काट्यावर ठेवतो, वजन २५० ग्रेन (सुमारे १६ ग्रॅम) बरोबर भरतं. म्हणजे दोष पावडरचा नाही, हाताचा आहे."

हाताबद्दलचं तुमचं बोलणं मला मान्य आहे आणि ते माझ्या लेखात यायला हवं होतं. हँडल एकदा सावकाश आणि एकदा आपटून फिरवलं, तर मेझरमधल्या फिरत्या ड्रमच्या खाचेत पावडर कमीजास्त दाबून बसते. वरच्या डब्यातली पातळी उतरली की वरून येणारा दाब बदलतो. अशा हाताने गोल दाण्यांची पावडरही एकसारखी पडत नाही.

पण दहांची बेरीज सरासरी सांगते, फरक सांगत नाही. मेझर पंचवीसवर लावायचं असेल तर तुमची पद्धत उत्तमच, कारण ०.१ ग्रेनच्या टप्प्याने दाखवणाऱ्या काट्याची चूक दहांत विभागली जाते. एकेक काडतुसात किती पडलं, हे मात्र त्यातून कळत नाही. समजा एक माप २४.६ पडलं आणि पुढचं २५.४. बेरीज ५० च. असल्या पाच जोड्या झाल्या की तुमचे २५० पुरे.

आणि अशा जोड्या योगायोगाने पडत नाहीत. लांब कांड्या खाली उतरताना मेझरच्या नळीच्या तोंडाशी एकमेकींवर आडव्या पडतात, त्यांचा पूल होतो. थोडी पावडर वर अडकते, माप हलकं पडतं. पुढच्या झटक्याला पूल मोडतो आणि अडकलेली पावडर पुढच्या केसमध्ये (काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीत) जाते. एकातलं कमी ते दुसऱ्यात जास्त, त्यामुळे बेरजेला पत्ताच लागत नाही. शिवाय ड्रमच्या कडेला कांडी सापडली की ती कापावी लागते. तो करकर आवाज तुम्हीही ऐकला असेल. त्या क्षणी हात अडतो, आपण जोर लावतो, मेझर हलतं आणि डब्यातली पावडर आणखी खाली बसते. म्हणजे हाताची चूक म्हणता ती बऱ्याचदा पावडरच हाताकडून करून घेते.

रायफलच्या ४० ग्रेनमध्ये ०.४ चा फरक १ टक्का. पिस्तुलाच्या ५ ग्रेनमध्ये तोच ८ टक्के. म्हणून पिस्तुलातल्या मोठ्या चकत्यांच्या पावडरची मला कांड्यांपेक्षा जास्त काळजी वाटते. चकत्यांचा पूल झाला तर एका केसमध्ये जेमतेम चिमूटभर आणि पुढच्या केसमध्ये जवळजवळ दुप्पट पडू शकते. पहिलीची गोळी पिस्तुलाच्या नळीतच अडकू शकते. ते लक्षात न येता पुढची झाडली, तर नळी फुटू शकते. कृपा करून गोळी बसवण्याआधी प्रत्येक केसमध्ये उजेड पाडून बघा.

बेंचरेस्टचे (रायफल टेबलावर टेकवून अचूक नेमबाजी करणारे) बरेच नेमबाज वजन न करता मापानेच पावडर टाकतात, हा तुमचा मुद्दा खरा आहे. पण कमी अंतराच्या बेंचरेस्टमध्ये चालणारी व्हितावुओरी या फिनलंडच्या कंपनीची एन१३३ पावडर पाहा : तीही कांड्यांचीच, पण बारीक आणि आखूड. तेव्हा "कांड्यांची पावडर मेझरमध्ये नकोच" हे माझं वाक्य चूक होतं, ते मी मागे घेतो. लांबी महत्त्वाची. एच४३५० या पावडरीच्या कांड्या आयएमआर ४३५० या पावडरीपेक्षा आखूड आहेत आणि मेझरमध्ये तो फरक हाताला जाणवतो.

"मग सगळ्यांनी गोल दाण्यांचीच घ्यावी का?" नाही. वेस्टर्न कार्ट्रिजने १९३३ मध्ये आणलेली ही पावडर पाण्यासारखी वाहते, चांगल्या मेझरमधून ०.१ ग्रेनच्या आसपासच्या फरकाने पडते. पण त्यातल्या बऱ्याच पावडरी तापमानाने जास्त बदलतात, आणि काहींना पेटायला जोरदार प्रायमर (काडतुसाच्या बुडाची ठिणगी देणारी टोपी) लागतो. बारीक दाणे सैल ड्रमच्या फटीतून झिरपतात ते वेगळंच. उन्हातही आणि थंडीतही गोळीचा तोच वेग हवा असेल, तर मी कांड्यांचीच पावडर घेईन, मेझर थोडं कमीवर लावीन आणि उरलेलं काट्यावर चिमटीने पुरं करीन. वेळ लागतो, लागू दे.

तुम्ही एवढंच करा : पहिली पाच-सहा मापं परत डब्यात टाका, मग पुढची वीस एकेक करून तोला आणि पडली त्याच क्रमाने लिहा. हलक्यामागे जड येतंय का, ते त्या ओळीत दिसेल. आकडे मला कळवा, क्रम न बदलता.