अकरा ते दोन

सकाळचे अकरा वाजून पाच मिनिटं. एका हातात बादली, दुसऱ्या हातात झाडू, खांद्यावर धुतलेल्या चादरींचं गाठोडं. अशा अवतारात मी स्वतःच्याच फ्लॅटच्या दाराबाहेर, बेल वाजवू की नको या विचारात उभा असतो. आतून हेअर ड्रायरचा आवाज येतोय, म्हणजे अजून निदान अर्धा तास. पाहुण्यांनी अकराला घर सोडायचं, पुढच्यांनी दोनला यायचं आणि मधले तीन तास माझे, असं कागदावर आहे. कागदावर तर मी साखर कारखान्याच्या हिशेब खात्यातून निवृत्तही झालोय.

रंकाळ्याजवळचा हा फ्लॅट आईचा. ती गेल्यावर वर्षभर कुलूप होतं. मग पुण्याहून चिरंजीवांचा फोन आला. "पप्पा, अंबाबाईला बारा महिने माणसं येतात. भाडेकरू कशाला ठेवायचा? एकेका रात्रीवर देऊया. ऑनलाइनचं सगळं मी बघतो." ऑनलाइनचं तो बघतो, यात खोट नाही. पण संडास ऑनलाइन घासता येत नाही. सौ.नं पहिल्याच दिवशी हात वर केले. "बापलेकांनी ठरवलंय, बापलेकांनीच निस्तरायचं. मला एका घराचा केर पुरे झालाय." कामाला एक मावशी लावल्या, त्या तीन आठवडे टिकल्या. जाताना म्हणाल्या, "साहेब, एक टाइम सांगा. कवा अकरा म्हणताय, कवा साडेबारा, कवा येऊच नगा म्हणताय. मला आनी चार घरची धुणीभांडी हाईत." यावर काय बोलणार?

तेव्हापासून झाडू माझ्याकडे आहे.

सगळ्यात मोठा घोळ चादरींचा. त्या पांढऱ्याशुभ्रच हव्यात, हा चिरंजीवांचा हट्ट. फोटोत उठून दिसतात म्हणे. आता कोल्हापूर हे काय पांढरी चादर अंथरायचं गाव आहे? इथं माणूस येतो तो अंबाबाईला, जोतिबाला आणि मटणाला. कुंकू, गुलाल, रस्सा! तिन्ही चादरीलाच पुसायचे असतात, अशी पाहुण्यांची समजूत दिसते. पांढरा रस्सा तेवढा माझ्या बाजूचा.

गुलालाचं सांगतो. चैत्र यात्रेत जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात, 'चांगभलं'चा गजर होतो आणि गुलाल-खोबऱ्याची उधळण अशी होते की माणूस ओळखू येत नाही. तेच भक्त संध्याकाळी दमून आमच्या फ्लॅटवर येतात आणि आहेत तसे आडवे होतात. सकाळी गादीवर माणसाचा हुबेहूब गुलाबी छाप, हातपाय पसरलेला. पहिल्या वर्षी मी घाईनं चादर थेट पाण्यात बुडवली. गुलाल आधी कोरडाच झटकून काढायचा असतो, ओला झाला की पसरतो, हे मला त्या दिवशी कळलं. चादरीबरोबर चार टॉवेल, उशांचे अभ्रे आणि माझे बनियनही गुलाबी झाले. खोबऱ्याचे तुकडे कॉटखाली जातात ते वेगळेच. ते मला दिसत नाहीत, मुंग्यांना बरोबर दिसतात.

रश्शाचा डाग त्याहून कावेबाज. घरात जेवायचं टेबल आहे, चार खुर्च्या आहेत. पण पार्सलचा तांबडा रस्सा टीव्हीसमोर, गादीवर मांडी घालूनच ओरपायचा असतो. डाग आधी पिवळट असतो. तुम्ही साबण लावता आणि बघता बघता तो लालभडक होतो! प्रथम मला वाटलं, चादरीवर कुणाचा तरी खून झालाय आणि पुरावा मी धुतोय. नंतर समजलं, हळदीचा गुणच तो. साबणातल्या क्षारानं ती लाल होते. घाबरायचं नाही, खळखळून धुवायचं आणि चादर कडक उन्हात टाकायची. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही.

पण ऊन आणायचं कुठून? जुलैत कोल्हापुरात सूर्य रजेवर असतो. सगळं शहर राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी बघत असतं. 39 फूट झाले की इशारा, 43 फूट झाले की धोका. आमच्या घरी बघायची पातळी दुसरी. दोरीवर वाळत घातलेल्या चादरी सहा झाल्या की इशारा, दहा झाल्या की धोका. सौ. तेव्हा स्वयंपाकघरात जाताना चादरी दोन्ही हातांनी बाजूला सारत, नाटकातल्या पात्रासारखी पडद्यातून प्रवेश करते आणि मला चहा देत नाही. शेवटी पंख्याखाली, मग इस्त्रीखाली, मग पुन्हा पंख्याखाली असं करून चादर वाळवतो. तिला ओलसर वास राहिला तर पाहुणे तसं लिहितात. खाली पाणी वाढतंय म्हणून गाव काळजीत आणि मी तिकडे उशी हुंगतोय.

दुलईची खोळ घालणं हा स्वतंत्र विषय. तरुणपणी दोन वर्षं मी तालमीत जात होतो, खासबागच्या मातीत मात्र कधी उतरलो नाही. ती हौस आता फिटते. दुलईचे दोन कोपरे धरून खोळीत शिरायचं, आतल्या आत कोपरे जुळवायचे आणि बाहेर यायचं. आत शिरतो मी जोरात, बाहेरची वाट सापडत नाही. एकदा असाच आत अडकलेलो असताना दार उघडं होतं आणि वरच्या मजल्यावरचे आण्णा डोकावले. "काय पाहुणं, कोण वर हाय आनी कोण खाली?" मी आतून सांगितलं, "बरोबरीत सुटलीय."

किरणोत्सवात आणखी वेगळी तऱ्हा. नोव्हेंबरात 9 ते 11 आणि पुन्हा 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी, मावळतीची किरणं अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत येतात. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी मुखावर. फ्लॅट महिनाभर आधी भरतो. आणि शेवटच्या सकाळी अकराला दारात उभं राहिलं की आतून हात जोडून विनंती येते, "काका, संध्याकाळी तेवढं दर्शन घेतो आणि निघतो." देवीचं नाव घेतल्यावर कुणाला नाही म्हणायचं? तिकडे पुढचे पाहुणे दोनला दारात, त्यांनाही किरणंच बघायची असतात.

विसरलेल्या वस्तूंचं एक खोकं आमच्याकडे आहे. त्यात चार्जर नऊ, चष्मे दोन, ओटीचे नारळ मोजत नाही. एकानं नव्या कोऱ्या कोल्हापुरी चपला मऊ पडाव्यात म्हणून तेल चोपडून ठेवल्या होत्या. कुठं, ते सांगायला नकोच. वर पुण्याहून फोन, "पप्पा, त्यांच्या चपला कुरिअर करा, आणि जरा तेल पुसून करा."

तर एवढं सगळं निभावून नेलं आणि एक दिवस चिरंजीवांनी फोटो पाठवला. उशीवर एक केस. खाली पाहुण्याचा शेरा, स्वच्छता तीन तारे. मी हादरलोच. गादीवरचे, न्हाणीघराच्या जाळीतले, सोफ्याच्या फटीतले, लांब, कुरळे, मेंदी लावलेले, सगळ्या महाराष्ट्राचे केस मी चिकटपट्टीनं टिपून काढतो. हा राहिला कसा? सौ.नं चष्मा लावला, फोटो मोठा केला. आखूड, पांढरा, टोकाला जरा वळलेला. तिनं एकदा फोटोकडे आणि एकदा माझ्या डोक्याकडे बघितलं. "दुसऱ्याचे वेचत बसलात. हा तुमचाच की वो."

तेव्हापासून डोक्यावर पांढरी टोपी घालून साफसफाई करतो.

परवा महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईचं एक कुटुंब सकाळी आठलाच दारात हजर. "सामान तेवढं ठेवतो, मग मंदिरात जातो." सामान ठेवलं, चहा मागितला, आजी न्हाणीघरात गेल्या त्या पाऊण तासानं बाहेर आल्या. आधीचे पाहुणे आत झोपलेलेच होते. दोन्ही कुटुंबांची ओळख मीच करून दिली. कसंबसं सगळं आवरून दोन वाजता किल्ली हातात दिली, तेव्हा टोपी तिरकी झालेली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, काखेत झाडू. त्या गृहस्थांनी घरभर नजर फिरवली, खूश झाले आणि माझ्या हातात पन्नासची नोट कोंबली. "चहापाण्याला ठेवा, काका. मालक नाहीत का इथं?"

मी नोट खिशात घातली.

"मालक पुण्याला असतात," म्हटलं.