अठरा पूर्ण झाली, आता जायचे कुठे?

मी मेलबर्नच्या पश्चिम उपनगरातील एका सरकारी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. गेल्या वर्षी अकरावीतला एक मुलगा रोज सकाळी फाटक उघडण्याआधीच बाहेरच्या कठड्यावर येऊन बसलेला दिसे. गृहपाठ पूर्ण, वही नीटनेटकी, केस ओले. खांद्याला खेळाच्या सामानाची भलीमोठी बॅग, पण शाळेच्या एकाही संघात तो नव्हता. त्या बॅगेत तीन शर्ट, उशीचा अभ्रा, फोनचा चार्जर आणि टूथब्रश एवढाच ऐवज आहे, हे कळायला मला पाच आठवडे लागले, आणि त्याचे मला अजूनही वाईट वाटते. आईच्या नव्या जोडीदाराशी त्याचे पटत नव्हते; एका रात्री कडाक्याचे भांडण झाले आणि तो घराबाहेर पडला तो पडलाच. पाच आठवड्यांत चार मित्रांच्या घरी सोफ्यावर झोपून झाले होते आणि चौथ्या मित्राच्या आईने आता पुढचे बघ म्हणून सांगितले होते. कुठे राहतोस, असे विचारले की तो ‘मित्राकडे’ म्हणे. आपल्याकडे असे उत्तर ऐकून कोणीही निश्चिंत झाले असते.

ऑस्ट्रेलियाच्या सांख्यिकी विभागाच्या लेखी मात्र हा मुलगा बेघर होता. २०१२ पासून या विभागाने बेघरपणाची जी व्याख्या वापरली आहे, तिच्यात डोक्यावर छप्पर आहे की नाही एवढाच प्रश्न नाही. जागा राहण्याजोगी आहे का, तिथे राहण्याचा काही हक्क अथवा मुदत आहे का आणि त्या जागेवर माणसाचा स्वतःचा ताबा आहे का, असे तीन प्रश्न विचारले जातात, आणि यांपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल व दुसरीकडे जाण्याची ऐपत नसेल, तर तो माणूस बेघर धरला जातो. २०२१ च्या जनगणनेत असे १,२२,४९४ लोक सापडले. त्यांतले प्रत्यक्ष रस्त्यावर झोपणारे साडेसात हजारांच्या आसपास होते, तर २८,२०४ जण १२ ते २४ या वयोगटातले होते. सर्वांत मोठा गट अतिदाटीने राहणाऱ्यांचा निघाला, म्हणजे ज्यांच्या घराला आणखी किमान चार शयनगृहांची गरज आहे अशांचा.

हे वाचताना मला हसू आले. कॉलेजची तीन वर्षे मी लालबागच्या चाळीत आत्याकडे काढली. दहा बाय बाराची खोली, कोपऱ्यात मोरी आणि आम्ही नऊ जण. आत्याचे यजमान आणि त्यांचा धाकटा भाऊ बाहेर गॅलरीत झोपत, माझी वळकटी स्वयंपाकाच्या ओट्याखाली असे. इथल्या नियमाने हिशेब केला तर आमच्या त्या खोलीला निदान पाच शयनगृहे कमी पडत होती. म्हणजे मीच काय, अख्खी चाळ बेघर! भारताच्या जनगणनेची व्याख्या अगदी दुसऱ्या टोकाची आहे. पदपथावर, उड्डाणपुलाखाली, फलाटावर, देवळाच्या ओवरीत, मोठ्या नळांमध्ये राहणारे, म्हणजे ज्यांना घर म्हणून मोजावे असे काहीच नाही, तेवढेच तिथे बेघर. २०११ मध्ये ते १७.७३ लाख होते.

या दोन व्याख्यांपैकी एकही मला पूर्ण पटत नाही. आत्याच्या ओट्याखाली मी बेघर नव्हते, कारण ‘उद्यापासून येऊ नकोस’ असे मला तिथे कोणी म्हणणार नव्हते. आत्या एकदा रागावली होती तेव्हाही तिने ताट वाढूनच रागावून घेतले. याउलट माझ्या विद्यार्थ्याला चारही घरी स्वतंत्र खोली मिळाली असती, तरी तो बेघरच राहिला असता. खोल्या किती यापेक्षा उद्या सकाळी मला इथून उठवण्याचा अधिकार कोणाला आहे, हा प्रश्न तरुण वयात जास्त खरा असतो, आणि त्याचे उत्तर शिरगणतीच्या रकान्यात सहज सापडत नाही. मित्राकडे झोपलेला मुलगा त्या रात्री ‘पाहुणा’ म्हणून लिहिला जातो. तरुणांच्या बाबतीत आपला आकडा कमी भरतो, हे सांख्यिकी विभागही मान्य करतो.

परदेशात राहणाऱ्यांनी मायदेशाला शहाणपण शिकवावे, असा एक रिवाज आहे. या विषयात तो पाळायचा म्हटले तरी इथला इतिहास आड येतो. १९८७ च्या निवडणुकीत पंतप्रधान बॉब हॉक यांनी १९९० पर्यंत एकही ऑस्ट्रेलियन मूल दारिद्र्यात राहणार नाही, असे वचन दिले होते. १९८९ मध्ये मानवी हक्क आयुक्त ब्रायन बर्डेकिन यांच्या चौकशीचा अहवाल आला आणि देशात किमान वीस ते पंचवीस हजार मुले बेघर असल्याचे त्यातून पुढे आले. सुखवस्तू देशाला तो मोठा धक्का होता. पुढे २००८ मध्ये केव्हिन रड यांच्या सरकारने श्वेतपत्रिका काढून २०२० पर्यंत बेघरांची संख्या निम्मी करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. २००६ मध्ये ती ८९,७२८ होती. २०२१ मध्ये किती झाली ते वर आलेच आहे. श्रीमंती, प्रामाणिक आकडेवारी आणि लेखी उद्दिष्ट हे तिन्ही हाताशी असताना असे का घडावे, हे समजून घेणे मला उसन्या शहाणपणापेक्षा उपयोगाचे वाटते.

पैसा नाही, असे कारण देता येत नाही. जुलै २०२४ पासून केंद्र आणि राज्ये यांच्यात सामाजिक घरे (सरकार किंवा सेवाभावी संस्था कमी भाड्याने देतात ती) व बेघरपणा यांविषयी पाच वर्षांचा करार लागू झाला असून त्यात केंद्राचा वाटा ९.३ अब्ज डॉलरचा आहे. त्याआधी २०२३ मध्ये १० अब्ज डॉलरचा गृहनिर्माण निधी उभारला गेला. आमच्या व्हिक्टोरिया राज्याने २०२० मध्ये ५.३ अब्ज डॉलर खर्चून बारा हजारांवर घरे बांधण्याचा कार्यक्रम जाहीर केला. पण या घरांत तरुण फारसे शिरत नाहीत आणि त्यामागचे कारण अगदी साधे, वाण्याच्या हिशेबाइतके उघड आहे. सामाजिक घराचे भाडे भाडेकरूच्या उत्पन्नाच्या साधारण एक चतुर्थांश असते. विद्यार्थी अथवा बेकार तरुणाला मिळणारा सरकारी भत्ता प्रौढ बेकाराच्या भत्त्यापेक्षाही कमी आहे. तेव्हा तीच खोली अठरा वर्षांच्या मुलीला दिली तर संस्थेच्या हाती कमी भाडे येते, वर तिला आधार देण्यासाठी माणूस नेमावा लागतो तो वेगळाच. संस्था वाईट नसतात. त्यांना इमारतीची डागडुजी करायची असते. सरकारने एका हाताने घरे बांधायला पैसा दिला आणि दुसऱ्या हाताने त्या घरांसाठी तरुण हाच सर्वांत तोट्याचा भाडेकरू ठरवला, आणि हे दोन्ही निर्णय वेगवेगळ्या खात्यांनी घेतल्यामुळे कोणालाच त्यात विसंगती दिसली नाही.

खासगी बाजाराचे तर बोलायलाच नको. इथे घर भाड्याने घेताना आधीच्या घरमालकाचे शिफारसपत्र आणि पगाराच्या पावत्या मागतात. पहिलेच घर शोधणाऱ्याने आधीचा घरमालक आणायचा कुठून? माझ्या विद्यार्थ्यासाठी मी बेघरांसाठीच्या एका सेवाकेंद्राला फोन केला तेव्हा दोन रात्रींची मोटेलची सोय आणि पुढे गुरुवारनंतर पुन्हा फोन करा, एवढे मिळाले. फोनवरची बाई अतिशय सौजन्याने बोलत होती आणि तिच्याकडे देण्यासारखे खरोखर काहीच नव्हते.

ज्या गोष्टींनी फरक पडला त्या त्या मानाने लहान आणि बातमीत न येणाऱ्या आहेत. जीलॉन्ग शहरातल्या काही शाळांनी सर्वच विद्यार्थ्यांकडून एक प्रश्नावली भरून घ्यायला सुरुवात केली. घरात भांडणे होतात का, घर सोडावेसे वाटते का, असे साधे प्रश्न. ज्यांच्या उत्तरांत धोका दिसला त्यांच्या घरच्यांशी आधीच बोलणे सुरू झाले, आणि २०१३ ते २०१६ या काळात तिथल्या बेघर सेवांकडे येणाऱ्या किशोरवयीनांची संख्या सुमारे ४० टक्क्यांनी घटली. ‘किड्स अंडर कव्हर’ ही संस्था तर कुटुंबाच्या मागच्या अंगणात एक-दोन खोल्यांचे तयार घर आणून ठेवते. मुलगा जेवायला घरात, झोपायला आणि दार लावून घ्यायला अंगणात. आपल्या पडवीची आठवण व्हावी अशी ही युक्ती आहे, आणि नाते न तोडता अंतर देण्याचे तिचे मर्म मला फार मराठी वाटते. तिसरी गोष्ट कायद्याची. बालसंगोपन व्यवस्थेत वाढलेल्या मुलांना पूर्वी अठराव्या वाढदिवशी बाहेर पडावे लागे. व्हिक्टोरियाने २०२१ पासून अशा सर्वच मुलांसाठी हा आधार एकविसाव्या वर्षापर्यंत वाढवला.

आणि चौथी गोष्ट म्हणजे ‘फॉयर’, शिकणाऱ्या तरुणांसाठीचे वसतिगृह. मूळ फ्रान्समधली ही कल्पना इथे तंत्रशिक्षण संस्थांच्या आवारात रुजली आहे. ब्रॉडमेडोज, ग्लेन वेव्हर्ली आणि शेपार्टन इथे प्रत्येकी चाळीस तरुणांची अशी निवासस्थाने आहेत. वय सोळा ते चोवीस, मुक्काम साधारण दोन वर्षे, आणि अट एकच, शिक्षण चालू ठेवायचे. शाळेतर्फे मी एकदा पाहायला गेले होते. माहिती देणाऱ्या बाईंनी मोठ्या उत्साहाने ही अभिनव संकल्पना समजावून सांगितली आणि मला सारखे कोल्हापूर आठवत राहिले. १९०१ मध्ये शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे एकेका समाजासाठी वसतिगृहे काढून त्या शहराला बोर्डिंगांचे गाव केले. १९२४ मध्ये भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली, एका पंगतीत आणले. माझे आजोबा अशाच एका बोर्डिंगमध्ये भाकरी मागून शिकले. राहायला जागा दिल्याखेरीज शिक्षण देता येत नाही, हे आम्हाला शंभर वर्षांपूर्वी ठाऊक होते. ते मी मेलबर्नमध्ये रंगीत पत्रकावर वाचत होते.

म्हणूनच महाराष्ट्रातला सध्याचा वाद दुरून ऐकताना थोडे अस्वस्थ व्हायला होते. वसतिगृह बांधावे की विद्यार्थ्याच्या खात्यात पैसे टाकावेत, असा तो वाद आहे. २०१६-१७ पासूनच्या स्वाधार योजनेत वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्याला पुणे-मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. इतर मागासवर्गीयांसाठीही पुढे तशीच आधार योजना आली, शिवाय प्रत्येक जिल्ह्यात मुलांचे एक आणि मुलींचे एक अशी ७२ वसतिगृहे मंजूर झाली. रोख रकमेच्या बाजूने बोलणारे म्हणतात की इमारतीला दहा वर्षे लागतात आणि ठेकेदार पोसले जातात. त्यांचे अगदीच चुकत नाही. पण सदाशिव पेठेत कॉटच्या हिशेबाने राहणाऱ्या मुलाला भाडे महिन्याच्या पहिल्या तारखेला द्यावे लागते आणि योजनेचा हप्ता मात्र वर्ष सरता सरता येतो. मधले महिने तो उधारीवर राहतो, म्हणजे पुन्हा कोणीतरी ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हणेपर्यंत. उशिरा आलेला पैसा हा निवारा नव्हे, ती फार तर भरपाई झाली.

या सगळ्या वादात ज्यांचे नाव कोणी घेत नाही ती बालगृहातली मुले. व्हिक्टोरियाने २०२१ मध्ये जे केले ते आपल्या बाल न्याय कायद्यात २०१५ पासूनच आहे. अठरा पूर्ण झाल्यावर एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षण, म्हणजे बालगृह सोडल्यानंतरचा आधार, अपवाद म्हणून तेवीसपर्यंत. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेतून त्यासाठी दरमहा चार हजार रुपयांची तरतूद आहे. महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांना एक टक्का आरक्षण दिले, ते देशात उठून दिसावे असे पाऊल होते. मात्र त्या आरक्षणापर्यंत पोहोचायला अठरा ते बावीस ही वर्षे कुठेतरी राहून अभ्यास करावा लागतो, आणि अनुरक्षण गृहे मोजकीच आहेत. शहरी बेघरांसाठीच्या २०१३ च्या योजनेत लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांचा निवारा असा दंडक घातला होता, पण तो पदपथावरच्या प्रौढाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला. परीक्षेच्या आदल्या रात्री तिथे अठरा वर्षांच्या मुलीने पुस्तक उघडून बसावे, अशी त्याची रचनाच नाही. आपल्याकडे आत्या-मामा आहेत, कुटुंब सांभाळून घेते, हे माझ्याही आयुष्यात खरे ठरले आहे. ज्याला आत्याच नाही त्याच्यापुढे हा युक्तिवाद करून पाहावा.

माझी एक कॉलेजमैत्रीण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका बालगृहात परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी आहे. जूनमध्ये तिच्याकडच्या तीन मुलांना अठरा पूर्ण झाली. एक मावशीकडे गेला, मावशी चार वर्षांत पहिल्यांदाच भेटली होती. दुसऱ्याला अनुरक्षण गृहात जागा मिळाली. तिसऱ्याला पुण्यात पदविकेला प्रवेश मिळाला, तेव्हा तिने स्वारगेटजवळ चौघांच्या खोलीत एक कॉट शोधली, मेसचे पैसे स्वतः भरले आणि दरमहाच्या चार हजारांसाठी प्रस्ताव पाठवला. घरमालकाने अनामत रक्कम घेतली आणि एक छापील कागद पुढे केला. त्यावर पालकाचे नाव, नाते आणि सही असे तीन रकाने होते. नात्याचा रकाना मोकळा ठेवून तिने सही केली. घरमालकाने कागद उलटसुलट पाहिला आणि पेन परत तिच्याच हातात दिले. ‘मग मी आत्या असे लिहिले,’ ती मला फोनवर म्हणाली.