वहीतली ‘कावीळ’ : डॉक्टरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

आजारांची आणि औषधांची नावं संगणकात कशी नोंदवायची, कुठल्या नावाला कुठला क्रमांक म्हणजे कोड द्यायचा, यावर काम करणारे अमेरिकी डॉक्टर-संशोधक जेम्स सिमिनो यांच्यावरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही. तुम्ही लिहिलंय, “आजारांच्या नावांच्या याद्या करणं हे कारकुनी काम, त्याला संशोधन कशाला म्हणायचं? माझे वडील वहीत नुसतं ‘कावीळ’ लिहायचे, रुग्ण बरे व्हायचे. आणि आता संगणकाला माणसाची भाषा कळते, मग हे कोड हवेत कशाला?” शिवाय सगळं श्रेय मी एकट्या सिमिनोंना दिलं आणि कोड भरायचा डॉक्टरांना जाच होतो, अशाही तुमच्या तक्रारी आहेत.

‘कावीळ’ हा शब्द तुम्हीच काढलात, तर त्याच्यापासूनच सुरुवात करते.

डोळे पिवळे झाले की आपण कावीळ म्हणतो. मागे यकृताची लागण असेल, पित्तनलिकेत खडा अडकला असेल किंवा तांबड्या पेशी फुटत असतील. रुग्ण समोर असताना तुमच्या वडिलांना हा फरक नक्कीच कळत असणार. पण वहीत उतरला तो एकच शब्द, आणि वीस वर्षांनी वही उघडणाऱ्याला त्यांच्या मनातलं कसं कळावं?

१९५५-५६च्या हिवाळ्यात दिल्लीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. पुढे कितीतरी वर्षं ती साथ हिपॅटायटिस ‘ए’ची, म्हणजे यकृताला सूज आणणाऱ्या ‘ए’ विषाणूची समजली जात होती. जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासल्यावर १९८०मध्ये कळलं की ती ‘ए’ नव्हती आणि ‘बी’ही नव्हती. त्या तपासणीत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञही होते. आज आपण तिला हिपॅटायटिस ‘ई’ म्हणतो. गरोदर बाईच्या जिवावर उठते ती हीच कावीळ.

म्हणजे ‘ई’ हे नाव मिळेपर्यंतच्या मधल्या काळात वैद्यकाकडे या आजाराला नाव होतं ते ‘ए नाही, बी नाही’ एवढंच. सिमिनोंनी १९९८च्या निबंधात नेमका हा प्रश्न धरला. वर्गीकरणात ‘अन्यत्र न बसणारे’ असा एक कप्पा ठेवलेला असतो. त्याचा अर्थ शेजारच्या कप्प्यांवर अवलंबून. हिपॅटायटिस ‘सी’चा विषाणू १९८९मध्ये ओळखला गेला. तोवर या ‘इतर’च्या कप्प्यात असलेल्या अशा आजाराला स्वतंत्र कोड मिळाला, की त्या दिवसापासून ‘इतर’चा अर्थ बदलतो, कोड मात्र जुनाच राहतो. पुढे कुणी तक्ता काढला तर ‘इतर’ हिपॅटायटिस कमी झालेला दिसेल, रुग्ण मात्र तेवढेच असतील. म्हणून सिमिनोंचं म्हणणं असं, की हा कप्पाच नको. दिलेल्या क्रमांकाचा अर्थ पुढे कधी बदलायचा नाही आणि संकल्पना वापरातून गेली तरी तो पुसायचा नाही. क्रमांकात अर्थ भरायचा नाही, कारण ज्ञान वाढलं की आजाराची जागा बदलते. हे सुचायला वैद्यक आणि तर्कशास्त्र दोन्ही पचलेलं असावं लागतं. मी याला संशोधनच म्हणेन.

आता रुग्णाच्या फायद्याचं. केसपेपरवर ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ लिहिलंय आणि रात्रपाळीच्या डॉक्टरांनी ऑगमेंटिन हे प्रतिजैविक लिहून दिलं. त्या नावात पेनिसिलिन कुठेच दिसत नाही. ऑगमेंटिनमध्ये अमॉक्सिसिलिन आहे आणि अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्या घराण्यातलं, ही दोन नाती संगणकात नोंदवलेली असतील तरच तो इशारा देईल. ऑन्टॉलॉजी म्हणतात ती हीच, नुसती यादी नव्हे तर कोण कुणाचं कोण लागतं याची नोंद. सिमिनोंनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बांधलेला कोश अशाच नात्यांवर उभा होता.

संगणकाला भाषा कळते, हे बऱ्याच अंशी खरं आहे. पण ‘थंडी’ म्हणजे हवेतला गारठा की तापाआधीची हुडहुडी, हे ठरल्यावर तो अर्थ कुठेतरी कायमचा बांधून ठेवायला लागतोच. इंग्रजीतल्या ‘कोल्ड’चीही हीच गत आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या, वेगवेगळे वैद्यकीय शब्दसंग्रह एकत्र जोडणाऱ्या महाकोशात सर्दीला एक क्रमांक आहे, गारव्याला दुसरा, आणि फुप्फुसाच्या एका जुनाट आजाराचं आद्याक्षरी नाव ‘कोल्ड’च होतं म्हणून त्याला तिसरा. यंत्राने लावलेला अर्थ बरोबर की चूक, हे याच क्रमांकांशी ताडून बघता येतं.

तुमच्या दोन गोष्टी मात्र मान्य. माझ्या लेखात सगळं श्रेय एकट्या सिमिनोंना गेल्यासारखं वाटतं, ते बरोबर नाही. तो महाकोश उभारायचं काम १९८६मध्ये त्या ग्रंथालयाचे तेव्हाचे संचालक डोनाल्ड लिंडबर्ग यांच्या पुढाकाराने सुरू झालं आणि त्यात पुष्कळांचे हात आहेत.

दुसरी गोष्ट कोड भरायच्या जाचाची. मी एका रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात अनेक वर्षं काम केलं. तिथे नवी संगणक प्रणाली आली तेव्हा निदानाच्या यादीत सगळ्यात वर ‘इतर’ होतं. ओपीडीत रांग लागलेली, डॉक्टर तेच दाबून पुढच्या रुग्णाकडे वळायचे. मला त्यांचा राग कधी आला नाही. राग आला तो एकाही डॉक्टरला न विचारता संगणकावरची यादी तशी मांडणाऱ्यांचा. भारत २०१४मध्ये स्नोमेड सीटी या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय शब्दसंग्रहाचा सदस्य झाला, त्याचं राष्ट्रीय केंद्र पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेत आहे. संग्रह हाताशी आहे, पण डॉक्टरने दोन अक्षरं टाकताच नेमका शब्द समोर यावा, ही सोय प्रत्येक ठिकाणी नीट करायला हवी. त्यासाठी तुमच्यासारख्यांनी भांडावं असं मला मनापासून वाटतं.

आणि एक विनंती. वडिलांच्या त्या वह्या रद्दीत देऊ नका. ‘कावीळ’च्या पुढे तारीख, गाव, आणि बाई असल्यास कितवा महिना हे लिहिलेलं आहे का, तेवढं बघून कळवाल का?