श्रेम्सचं नाव हवं होतं
युरोपीय कायदा शिकणाऱ्या मुलांना नोकरीच्या वाटा लेखात छान दाखवल्यात, पण फेसबुकशी कायद्यानं लढणाऱ्या मॅक्स श्रेम्सचं नाव राहून गेलं याची चुटपुट लागली. व्हिएन्नात कायदा शिकत असतानाच या पोरानं फेसबुककडे स्वतःची माहिती मागितली. बाराशेहून जास्त पानं हाती आली, त्यानं पुसून टाकलेले मेसेजसुद्धा त्यात! २०११ मध्ये त्यानं लोकांच्या खासगी माहितीवर लक्ष ठेवणाऱ्या आयर्लंडच्या नियामकाकडे तक्रारी केल्या, २०१३ मध्ये आणखी एक केली, आणि त्या प्रकरणात २०१५ मध्ये लक्झेंबर्गमधल्या युरोपीय संघाच्या न्यायालयानं युरोपातली माहिती अमेरिकेला पाठवण्याची 'सेफ हार्बर' व्यवस्थाच रद्द ठरवली. वर्गात आधी हा निकाल शिकवा, करिअरचं मग बघू. आणि हो, त्या न्यायालयात काम करायचं मनात असेल तर फ्रेंच शिकायला आजच लागा. न्यायाधीशांची आपसातली चर्चा फ्रेंचमध्येच चालते.