तापत्या जमिनीवर टाइल टिकत नाही, हे खरे नाही

कोल्हापुरातील घरबांधणीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून सध्या एक संदेश फिरतो आहे. पन्हाळ्यावर बंगला बांधणारे किंवा घरातील वृद्धांसाठी बाथरूमची जमीन उबदार करू पाहणारे लोक तो एकमेकांना पाठवतात. त्याचा आशय असा : जमिनीखाली हीटिंग घातले की उष्णतेने टाइल्स तडकतात, म्हणून वर लाकूडच घालावे, टाइलच हवी असेल तर ती नेहमीच्या रबडीवर (सिमेंट-पाण्याच्या पातळ मिश्रणावर), फट न ठेवता घट्ट भिडवून बसवावी, कारण अ‍ॅडेसिव्ह उष्णतेने वितळते, आणि काम उरकताच हीटिंग सुरू करून सगळे झटपट वाळवून घ्यावे. फरशीची कामे करून घेण्यात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

आधी उष्णतेचे पाहू. पाण्याच्या नळ्यांनी तापवल्या जाणाऱ्या जमिनींसाठी युरोपात ईएन १२६४ हे मानक आहे. त्यानुसार राहत्या खोलीत जमिनीचा पृष्ठभाग २९ अंश सेल्सिअसपर्यंत आणि बाथरूममध्ये ३३ अंशांपर्यंतच तापू द्यायचा असतो. एप्रिलच्या भर दुपारी आपल्याकडच्या कोणत्याही गच्चीवरील चायना मोझॅकवर अनवाणी उभे राहून पाहावे, म्हणजे ३३ अंश किती सौम्य असतात ते तळपायालाच कळेल. भट्टीत हजार अंशांहून अधिक तापमानात भाजून निघालेली टाइल एवढ्या उबेने तडकत नाही.

तरीही अशा जमिनींवरच्या टाइल्स उचकटतात, हे खोटे नाही. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवताना ज्याने पाहिले आहे, त्याला प्रसरण समजावून सांगावे लागत नाही. पाच मीटर लांबीचा कोबा, म्हणजे टाइलखालचा सिमेंट-वाळूचा थर, १५ अंशांनी तापला तर पाऊण मिलिमीटरच्या आसपास वाढतो आणि त्यावरील व्हिट्रीफाइड टाइल जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढते. आकडे क्षुल्लक दिसतात. पण चारी बाजूंनी भिंतीला भिडवलेल्या फरशीला तेवढेही सरकायला जागा नसते आणि हा ताण प्रत्येक थंडीत रोज येतो-जातो. मागे मला एका घरी बोलावले होते, तेथे दिवाणखान्याच्या मधोमध टाइल्सची एक ओळ तंबूसारखी उभी राहिली होती. सुटलेली टाइल उलटी करून पाहिली, तर पाठीवर मसाल्याचे पाच लाडू, म्हणजे चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक, आणि उरलेली पाठ कोरी होती. स्कर्टिंग काढल्यावर भिंतीलगत कागद सरकेल एवढीही फट दिसली नाही. त्या घरात जमिनीखाली हीटिंग नव्हतेच!

म्हणून ‘फट न ठेवता’ हा सल्ला या संदेशातील सर्वांत घातक भाग आहे. भिंतीलगत सर्वत्र मऊ पट्टी घालून जागा सोडावी, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते; दोन टाइल्समध्ये स्पेसर, म्हणजे सारखी फट राखणारे छोटे तुकडे, लावावेत; आणि तापत्या जमिनीचा कोबा ४० चौरस मीटरपेक्षा मोठा किंवा एका बाजूने ८ मीटरपेक्षा लांब असेल तर तो सांधा देऊन विभागावा. कोब्यातला सांधा टाइलमध्येही बरोबर त्याच जागी वर यायला हवा. तो नेमका टाइलच्या पोटाखाली गेला, तर टाइल तेथेच फुटते.

लाकडाबद्दल फार लिहायला नको. टाइलमधून उष्णता लाकडापेक्षा कितीतरी सहज वर येते, आणि लाकडी फ्लोअरिंग विकणारेच पृष्ठभाग साधारण २७ अंशांच्या वर नेऊ नका, असे बजावतात.

अ‍ॅडेसिव्ह वितळते, हा गैरसमज बहुधा नावामुळे झाला असावा. टाइलचे अ‍ॅडेसिव्ह म्हणजे फेव्हिकॉल नव्हे; ते सिमेंट, बारीक वाळू आणि पॉलिमर यांचे मिश्रण असते. व्हिट्रीफाइड टाइल जेमतेम ०.५ टक्के पाणी शोषते, त्यामुळे साध्या रबडीला तिच्या पाठीत शिरकावच मिळत नाही. तापत्या जमिनीसाठी पिशवीवर ‘एस १’ ही खूण पाहून घ्यावी. अशा मिश्रणाची वाळलेली पातळ पट्टी तुटण्यापूर्वी किमान अडीच मिलिमीटर वाकते. ते दातेरी थापीने पूर्ण पसरावे, लाडू लावू नयेत, कारण हीटिंग पाण्याच्या नळ्यांऐवजी विजेच्या मॅटचे, म्हणजे टाइलखाली अंथरलेल्या तापणाऱ्या तारेचे असेल, तर तारेवर पोकळी राहिली की तेथे उष्णता कोंडते.

‘झटपट वाळवणे’ तर उलटेच आहे. नवा कोबा वाळताना आकसतो, टाइल आकसत नाही. नळ्या सिमेंटच्या कोब्यात पुरल्या असतील तर २१ दिवस थांबून, टाइल लावण्याआधीच, पाणी तीन दिवस २५ अंशांवर आणि नंतर चार दिवस पूर्ण तापमानावर फिरवतात, मग बंद करून थंड झाल्यावर टाइल लावतात. विजेची मॅट असेल तर अ‍ॅडेसिव्ह पूर्ण पक्के होईपर्यंत बटणाला हात लावू नये.

मॅटच्या तारेचा रोध टाइल लावण्यापूर्वी, लावताना आणि लावून झाल्यावर मीटरने मोजून लिहून ठेवायचा असतो, हे मात्र त्या संदेशात कोठेच नाही. थापीच्या धारेने तार तुटली असेल, तर ते त्याच दिवशी, मसाला ओला असताना कळते आणि दोन टाइल्स उचलून काम भागते.