पाणी परत येतं, पण किती वाजता?

आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात पूर्वी नदीच्या पात्रात भात पिकायचं. काठावर नव्हे, पात्रात. पावसाळा सरून म्हादई नदी उतरली की वाळूवर दगडांचा बांध घालायचा, पाट काढून पाणी आत वळवायचं, गाळ बसू द्यायचा आणि त्या गाळावर भात लावायचं. मिरगाआधी कापणी उरकली पाहिजे, नाहीतर नदी आपली जागा परत घेते. ही पुरण शेती. माझ्या थोरल्या काकांनी ती केलीय. आता करणारे बोटांवर मोजण्याइतके.

हे आठवायचं कारण म्हणजे परवा एका लग्नाच्या पंगतीत जलविद्युतवरून झालेला वाद. नात्यातला एक इंजिनिअर मुलगा मला म्हणाला, "मामा, कोळसा जळतो, पाणी जळत नाही. टर्बाइन फिरवलं की परत नदीत. तुमचं काय जातं?" काका शेजारच्या पानावर होते. सोलकढीची वाटी खाली ठेवत म्हणाले, "परत येतं रे बाबा, पण किती वाजता?"

पंगत हसली. मी घरी येऊन म्हादईचं पाणी गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्रात वाटून देणाऱ्या लवादाच्या निवाड्यातले आकडे पुन्हा काढून बसलो.

१४ ऑगस्ट २०१८ चा निवाडा. कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी). आपण गोव्यात गेली कित्येक वर्षं ज्यावरून घसा फोडतोय त्या कळसा आणि भांडुरा या ओढ्यांचं पाणी वळवायच्या योजना मिळून ३.९० टीएमसी. त्याच्या दुपटीहून जास्त, म्हणजे ८.०२ टीएमसी, दिलेत जलविद्युतसाठी. त्यावर कुणी अवाक्षर काढत नाही, कारण हिशेबात ते पाणी 'खर्च' होत नाही. खर्च नाही तर भांडण कशाला! निवाडा २७ फेब्रुवारी २०२० रोजी राजपत्रात आला. १९५६ च्या कायद्याप्रमाणे असा प्रसिद्ध झालेला निवाडा सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमासारखाच मानायचा. तिन्ही राज्यं त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलीत ती गोष्ट वेगळी.

आता काकांचा प्रश्न. जलविद्युतची खरी किंमत संध्याकाळी असते. सूर्य मावळला की सौर वीज संपते, घराघरात दिवे, पंखे, एसी एकदम सुरू होतात, आणि कोळशाचं केंद्र असं चटकन पेटवता येत नाही. पाण्याचं टर्बाइन मात्र काही मिनिटांत फिरायला लागतं. म्हणून दिवसभर पाणी अडवून ठेवायचं आणि विजेची मागणी चढली की सोडायचं. धंद्याच्या दृष्टीनं अगदी बरोबर. पण खालच्या माणसाला दुपारी कोरडं पात्र आणि तिन्हीसांजेला लोंढा. महिन्याची बेरीज तीच, थेंबही कमी नाही. पण असल्या नदीत पुरण होत नाही, बंधाऱ्याच्या पाटाला धड पाणी लागत नाही. आणि भर उन्हाळ्यात वरून येणारा गोड्या पाण्याचा रेटा कमी पडला की भरतीचं खारं पाणी मांडवीतून, म्हणजे म्हादईच्याच खालच्या अंगातून, वर सरकतं. भरती तुमच्या वीजकेंद्राचं वेळापत्रक बघून येत नाही.

अतिशयोक्ती वाटते? जून २०१४, हिमाचलातली बियास. हैदराबादच्या कॉलेजची मुलं पात्रातल्या खडकांवर उभी होती. वरच्या लारजी जलविद्युत प्रकल्पातून पाणी सोडलं गेलं आणि २४ विद्यार्थी वाहून गेले. ते पाणीही हिशेबात 'खर्च' झालेलं नव्हतं.

आणि परत येतं तरी कुठे? आपली कोयना घ्या. १९६० मेगावॅट, महाराष्ट्राची शान. पण तिचं बरंचसं पाणी सह्याद्रीच्या पोटातून वाशिष्ठीत उतरतं आणि अरबी समुद्राला मिळतं. कृष्णेला ते पुन्हा दिसत नाही. म्हणून तर कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या बच्छावत लवादानं तिथे पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. लवादाला वाटलं तर रेघ ओढता येते, एवढंच मला म्हणायचंय.

कायदा मात्र दुसऱ्याच दिशेला चाललाय. २००३ चा वीज कायदा, कलम ८: ठरावीक खर्चाच्या वरच्या जलविद्युत योजनेला केंद्रीय वीज प्राधिकरणाची संमती हवी. छान. पण प्राधिकरणानं बघायचं काय? धरण सुरक्षित आहे का, आणि या बांधकामामुळे वीजनिर्मितीसाठी नदीचा जो सर्वोत्तम विकास होऊ शकतो त्याला बाधा येते का. पिण्याचं पाणी, शेती, पूरनियंत्रण हे सगळं 'सांभाळून'. मोजपट्टी विजेची, बाकीचे आपले पाहुणे. मार्च २०१९ मध्ये २५ मेगावॅटच्या वरच्या प्रकल्पांनाही 'अक्षय ऊर्जा' म्हणायचं ठरलं. त्याआधी तो मान लहान प्रकल्पांनाच होता. बारसं झालं की सवलती मागून येतातच. गंगेसाठी ऑक्टोबर २०१८ ची अधिसूचना आहे: वरच्या गंगेत कोरड्या महिन्यांत किमान २० टक्के, पावसाळ्यात ३० टक्के प्रवाह राहिलाच पाहिजे. ती गंगेपुरती. म्हादई कुणाच्या पापक्षालनाच्या यादीत नाही ना!

मी जलविद्युतच्या विरोधात नाही. कसा असेन? गोव्याची जवळजवळ सगळी वीज बाहेरून येते, ही पोस्टसुद्धा कुणाच्या तरी कोळशावर लिहितोय. आणि धरणाचं पाप फक्त शेजाऱ्यांचं असंही नाही. साळावली धरणात आपणच कुर्डी बुडवली, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. मे महिन्यात पाणी उतरलं की लोक अजून तिथल्या सोमेश्वराच्या देवळाला जातात. अंजुणे धरणानं उठवलेली माणसं मोर्ले वसाहतीत भेटतात, विचारा त्यांना.

मागणी एकच आहे. जलविद्युत केंद्राला परवानगी देणाऱ्या प्रत्येक कागदावर टीएमसी आणि मेगावॅटच्या शेजारी तिसरा रकाना हवा: तासाचा. दिवसाच्या कुठल्याही तासाला खालच्या पात्रात किमान किती पाणी असेल, आणि एका तासात जास्तीत जास्त किती वाढेल. मोजमाप राज्याच्या सीमेवर, आकडे रोजच्या रोज लोकांसमोर. वरच्या राज्याला वीज मिळू दे, त्याला ना नाही.

सत्तरीतल्या मित्रांनो, कुणाच्या घरी पुरणाचे जुने फोटो असतील तर खाली टाका. गाव आणि अंदाजे साल लिहा. काकांना दाखवायचेत, आणि त्या इंजिनिअर भाच्यालाही.