शशिकलाबाईंचं वय आधी मोजा, मग चरित्र लिहा

आज ४ ऑगस्ट, हिंदी चित्रपटांतल्या अभिनेत्री शशिकलाबाईंचा जन्मदिवस. सकाळपासून सोलापूरच्या सगळ्या ग्रुपांवर त्यांचं एकच चरित्र फिरतंय. वडिलांचा धंदा बुडाला, ऐन तारुण्यात मुंबई गाठली, गायिका-नटी नूरजहाँनं हेरलं, पुढं गाजलेली खलनायिका. खाली हात जोडलेले. झालं चरित्र!

तारुण्य कुठलं ओ? जन्म १९३२ चा, इथलाच. त्यांचा 'झीनत' चित्रपट १९४५ चा. करा की वजाबाकी. त्यातल्या 'आहें न भरीं' या बायकांच्या कव्वालीत जी बसलीय ती तेरा वर्षांचीसुद्धा नसेल, कारण चित्रीकरण आधीच झालेलं असतं. घरात सहा भावंडं आणि ही पोर कॅमेऱ्यापुढं. याला 'नशीब उघडलं' म्हणायचं?

नटाचं चरित्र लिहिताना प्रत्येक चित्रपटापुढं तीन रकाने आखावेत: प्रदर्शनाचं साल, पुरस्कार सोहळ्याचं साल, त्या वेळचं वय. 'आरती' १९६२ चा, त्याचं फिल्मफेअर १९६३ च्या सोहळ्यातलं. 'गुमराह' १९६३ चा, त्याचं १९६४ मधलं. एकजण चित्रपटाचं साल धरतो, दुसरा सोहळ्याचं, तिसरा दोन्ही याद्या एकत्र चिकटवतो आणि दोन पुरस्कारांचे तीन होतात. वयाचा रकाना तर कुणी आखतच नाही, म्हणून कव्वालीतली पोर तरुणी होऊन बसते.

आणि ते 'खलनायिका'! मान्य, डोळे फिरवून टोमणा मारावा तर त्यांनीच. पण 'सुजाता'तली रमा कुणाचं वाईट करते? 'अनुपमा'तली ॲनी आली की पडदा हसायला लागतो. 'गुमराह'मधली लीला नायिकेला ब्लॅकमेल करते खरी, पण शेवटी ती निघते नायिकेच्या नवऱ्याचीच सेक्रेटरी, म्हणजे नाटक करणाऱ्या बाईचं नाटक. अवघड काम आहे ते. हे न बघता लिहिणाऱ्यांचा खरंच राग येतो.

असो. फॉरवर्डमुळं निदान नव्या पोरांना नाव तरी कळतं, एवढं कबूल. मदर तेरेसांकडं जाऊन केलेली सेवा आणि २००७ ची पद्मश्री या दोन ओळी त्यात बरोबर आहेत.

मुंबईच्या आधीचं मात्र कुणीच लिहीत नाही. पाच वर्षांची असल्यापासून ही मुलगी आपल्या जिल्ह्यातल्या गावोगावच्या स्टेजवर नाचत-गात होती. कव्वालीत ती बिचकत नाही, त्याचं कारण इथंच आहे. त्या काळातल्या कार्यक्रमांचे फोटो, हँडबिलं जुन्या घरांतल्या ट्रंकांत असू शकतात. सापडली तर लॅमिनेशन करू नका, तो थर नंतर निघत नाही. मागं बॉलपेननं लिहू नका, दाब पुढच्या बाजूला उमटतो. मऊ पेन्सिलनं गाव, साल, ओळखीचे चेहरे लिहा. मोबाइलनं फोटो काढण्यापेक्षा ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, आणि मागची बाजूही करा. बऱ्याचदा स्टुडिओचा शिक्का तिथंच असतो.